मंगळवारचा बर्फ

लाबुआंग, ३ मार्च

माप्पा,

फोन करत नाहीये, कारण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही. बाबा गेले, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापासून चार वर्षं तुझा आवाज ऐकला नाही, त्यात आणखी थोडे दिवस गेले म्हणून मी काही मरणार नाही.

हे पत्र बहिणीचं नाही, बर्फखान्याच्या मालकिणीचं आहे. तू नोकरी करतोस त्या, धंद्यातल्या लबाड्या बघणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे आमची तक्रार येतेय. मला वशिला नको. फक्त कागद कुणाच्या कॉफीच्या कपाखाली जाऊ नये एवढं बघ. राजधानीत असे कप फार, असं ऐकून आहे.

तर झालंय असं. धक्क्यावर सहकारी संस्थेचा नवा बर्फ कारखाना उभा राहिला. जागा सरकारची, शेड सरकारची, मशीन सरकारी अनुदानातून, आणि वर विजेला निम्मा दर. बटण दाबलं की बोटभर नळ्यांसारखा बर्फ खळाखळा पडतो आणि दिवसभर पडतच राहतो. विकतात आमच्या निम्म्या भावाने. संस्थेचा अध्यक्ष हाजी मुस्तारी पांढरी टोपी घालून दारात उभा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मशीन दाखवतो, जणू त्यानेच जन्माला घातलंय. माझा त्याच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तक्रारीत तो लिहिलेला नाही.

आम्हा तिघा जुन्या बर्फखानेवाल्यांकडे आता कुणी फिरकत नाही. आम्बो बेद्दूने मशीन बंदच करून टाकलं. विचारलं की म्हणतो, "दुरुस्ती चालू आहे." कसली दुरुस्ती? कंप्रेसरवर कोंबडी अंडी घालतेय. हाजी साद्दांग अजून चालवतो, पण निव्वळ हट्टाने. आणि तिसरी मी. पूर्वेचा वारा सुटून बोटी लांब जायला लागेपर्यंत तग धरला तर धरला, नाहीतर बाबांचा बर्फखाना भंगारात जाणार. चाळिसाव्याच्या जेवणावर सगळ्या गावासमोर तू म्हणाला होतास ना, "विकून टाक ताई, जुनं लोखंड आहे"? घे, तुझ्या मनासारखं होतंय. मी त्यावर जे बोलले ते बोलले. ते परत घ्यायला हे पत्र लिहीत नाहीये.

तक्रार मीच लिहिली. दुसरा परिच्छेद तुला मुद्दाम उतरवून पाठवते. बघ कसा जमलाय:

"आम्ही तिघे गेली तीस वर्षे अत्यंत सचोटीने धंदा करीत आहोत. आमचे वार ठरलेले आहेत. शनिवार-मंगळवार एकाचा, रविवार-बुधवार दुसऱ्याचा, सोमवार-गुरुवार तिसऱ्याचा. शुक्रवारी बोटी जात नाहीत. दर तिघांचा एकच असून तो आम्ही गुरुवारी संध्याकाळी एकत्र बसून ठरवतो. आजवर कोणीही दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढलेले नाही की दर पाडलेला नाही. अशा प्रामाणिक धंद्यात सरकारी पैशाच्या जोरावर एकाला पुढे काढणे हा अन्याय आहे."

हाजी साद्दांगला वाचून दाखवलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "तेन्री, तुझ्या बापाने ऐकायला हवं होतं हे."

तेन्री


लाबुआंग, २ एप्रिल

माप्पा,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी भावाचं अक्षर बघायला मिळालं, आणि ते किती? दोन ओळी! "मी या प्रकरणात काहीही करू शकत नाही आणि करणारही नाही. दुसरा परिच्छेद तूच लिहिलास का?"

हो, मीच लिहिला. का, विश्वास बसत नाही? शाळेत निबंधात पहिली मीच यायचे, तू नाहीस. कार्ड मी कॉफीच्या टपरीवर नेऊन दाखवलं. हाजी साद्दांग म्हणाला, "बघ, साहेबाच्या नजरेत बरोबर तेच भरलं." आम्बो बेद्दूने कार्ड वाचून परत दिलं. तो हल्ली कमीच बोलतो.

पण "करणारही नाही" हे जे लिहिलंस ना, ते मला झोंबलं. कर म्हटलं होतं का मी? मी फक्त कागद बघ म्हटलं होतं. तुझ्या अंगात ताप भरायचा तेव्हा बर्फाच्या लादीचा चुरा फडक्यात बांधून तुझ्या कपाळावर कोण धरून बसायचं? जाऊ दे. आठवण काढली की तू म्हणशील, ताई हिशेब मांडते.

इकडचं ठीक आहे. मंगळवारी तीन बोटींनी माझ्याकडून बर्फ नेला. बरं, दोन बोटींनी. तिसरीने अर्धी लादी घेतली आणि उरलेली खोकी संस्थेच्या बर्फाने भरली, माझ्यासमोर.

बेच्चे भेटली होती. तुझ्या वर्गातली बेच्चे, जिला तू घरातला केळ्याचा गोड बारोंको चोरून नेऊन द्यायचास. आता ती मासळीची मोठी व्यापारी आहे, पाच बायका हाताखाली. तीसुद्धा संस्थेचाच बर्फ नेते. मी म्हटलं, "काय गं, आमचा बर्फ गार नसतो का?" तर तोंडावर म्हणाली, "ताई, गार असतो, पण तुझी मंगळवारची लादी फोडली की पोटातून पाणी निघतं. पैसे बर्फाचे आणि घरी नेते पाणी." आता उन्हाळ्यात लादीचा गाभा गोठायला वेळ लागतो, हे तिला कोण सांगणार? एवढंच आहे ते. दुसरं काही नाही.

तेन्री


लाबुआंग, १९ मे

माप्पा,

तुला माहीत होतं!

तुला सगळं माहीत होतं, आणि तू मला दोन ओळींचं कार्ड पाठवलंस! "दुसरा परिच्छेद तूच लिहिलास का?" म्हणे. आणि मी बावळट ते कार्ड गावभर मिरवत फिरले!

तुमची माणसं परवा आली. एक गृहस्थ, आणि एक मुलगी, वेनिंग नावाची. अंगाने काडी, पण हातातलं पेन थांबत नव्हतं. आधी ती हाजी मुस्तारीकडे गेली आणि पार दुपार होईपर्यंत तिथेच होती. आम्हाला वाटलं, बरं अडकवलंय त्याला. मग ती टपरीवर आली. आम्ही नारळाच्या दुधातल्या भाताचा बुरासा केला होता, मासा भाजला होता. ती म्हणाली, "आम्हाला कामावर असताना खाता येत नाही." साद्दांगला राग आला. पाहुणा न जेवता बसतो ही कसली रीत! पण मी डोळ्यांनी खुणावलं, तसा गप्प बसला.

तिने विचारलं, "वार कसे ठरले?"

झालं, साद्दांगला तेवढंच हवं होतं. त्याने पहिल्यापासून सांगितलं. तू लहान होतास, तुला धड आठवत नसेल. तिन्ही बर्फखाने एकमेकांचा भाव पाडत होते. एकाने आज कमी केला की दुसरा उद्या त्याहून कमी करणार. भाव कमी म्हणून लाद्या जास्त काढायच्या, लाद्या जास्त काढायच्या म्हणून मशीन थांबवायचं नाही. साद्दांगच्या थोरल्या भावाने पाइपाची गळती दिसत असूनही मशीन बंद केलं नाही, कारण समोर बाबांचं चालू होतं. पाइप फुटला. अमोनियाच्या वाफेत तो आतच राहिला. त्याला पुरून आल्यावर बाबांनी साद्दांगला आणि आम्बो बेद्दूला आपल्यासोबत एका चटईवर बसवलं आणि वार वाटून दिले. हे सांगताना साद्दांगचा आवाज चिरला. मीही ओढणीने डोळे टिपले.

वेनिंग लिहीत होती. साद्दांग म्हणाला, "लिहा, लिहा. दरसुद्धा लिहा. याच बाकावर ठरतो, दर गुरुवारी. एक पैशाचा फरक सापडला तर माझं नाव बदला."

ती म्हणाली, "तीस वर्षं?"

"तीस वर्षं!" साद्दांग छाती फुगवून.

तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाली, "हाजी, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण विकणाऱ्यांनी मिळून दर ठरवणं आणि गिऱ्हाइकं वाटून घेणं, कायद्यात याला संगनमत म्हणतात. हा गुन्हा आहे. संस्थेची चौकशी होईलच. पण आता तुमचीही करावी लागेल."

साद्दांग हसला. खरंच हसला, माप्पा. त्याला वाटलं पोरगी थट्टा करतेय. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आम्बो बेद्दूकडे, आणि मग त्याचं हसू ओठांवरच वाळून गेलं. वेनिंगने दंडाचा जो आकडा सांगितला, त्यात आमचे तिन्ही बर्फखाने विकले तरी भागायचं नाही.

तक्रार आमची, आणि आरोपी आम्ही! मी माझ्या हाताने, शाळेतल्या निबंधासारखं सुवाच्य अक्षरात, तिघांच्या गळ्यात धोंडा बांधला. आणि माझा सख्खा भाऊ तिकडे बसून बघत होता. एक फोन करायला काय झालं होतं रे तुला? "ताई, तो परिच्छेद काढ." पाच शब्दही लागले नसते!

तेन्री


लाबुआंग, २१ मे

परवाचं पत्र रागात टाकलं. हेही रागातच आहे, पण एक गंमत सांगायची राहिली.

काल गुरुवार होता. वेनिंग जाताना बजावून गेली होती की यापुढे दराबद्दल आपसात बोलायचं नाही. म्हणून काल टपरीवर तिघं तीन बाकांवर बसलो. एकमेकांकडे पाठ करून. टपरीवाला विचारतो, "भांडलात की काय?" साद्दांग म्हणाला, "आज हवा बरी आहे." मी म्हटलं, "हो, बरी आहे." मग मलाच भीती वाटली, हवेवर बोललेलं चालतं का? आम्बो बेद्दूने कॉफी तशीच ठेवली आणि उठून गेला.

तुझ्या कायद्याला सांग, तीस वर्षांत आमचं भांडण झालं नव्हतं. ते त्याने करून दाखवलं.

तेन्री


लाबुआंग, १० ऑगस्ट

माप्पा,

सुनावणी झाली. माकास्सारला, मोठ्या हॉलमध्ये. एसी एवढा की मला माझ्या बर्फखान्यात बसल्यासारखं वाटत होतं. साद्दांगने हजला नेलेली शाल गुंडाळली होती. आम्बो बेद्दू आला, पण सही करून मागे जाऊन बसला.

समोर पिकल्या केसांचे एक साहेब होते. मी ठरवून गेले होते, रडायचं नाही आणि ओरडायचं नाही. पहिलं पाळलं. मी विचारलं, "साहेब, तिघं न भांडता जगलो तो गुन्हा, आणि एकाला सरकारने फुकटात मशीन दिलं ती मदत? हे कसलं गणित?"

मला वाटलं दटावतील. पण ते म्हणाले, "बाई, प्रश्न चांगला आहे. मदत देणं गुन्हा नाही. बर्फाअभावी इथला मासा किनाऱ्यावरच सडत होता, तो आता शहरात ताजा पोचतो. मदत नसती तर हे झालं नसतं. मी एवढंच बघणार, की तीच मदत तुम्हाला मागता आली असती का?"

मग त्यांनी वेनिंगकडून एक कागद घेतला. अनुदानाची जाहिरात. आमच्या टपरीच्या खांबावर चांगली महिनाभर लागली होती ती. तुला हे मी लिहिलं नव्हतं. लिहायचं राहिलं. बरं, लिहिलं नाही.

"वाचली होती?"

"वाचली होती."

"मग तिघांपैकी एकानेही अर्ज का केला नाही?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "मी एकटीने अर्ज केला असता तर गुरुवारी या दोघांच्या शेजारी बसून कॉफी कशी प्यायले असते?" सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा. साद्दांगने मात्र मान डोलावली, कारण त्यानेही त्याच कारणाने अर्ज केला नव्हता. आपल्याकडे कुणाला हे वेगळं सांगावं लागत नाही. माकास्सारच्या त्या हॉलमध्ये ते मोठ्याने बोललं, तर खुळ्यासारखं वाटलं.

मग हाजी मुस्तारी उभा राहिला. म्हणाला, "मी काय चोरी केली? जाहिरात वाचली, अर्ज केला, मिळालं. या तिघांना लाज वाटली त्याला मी काय करू?" पण विजेच्या निम्म्या दराचं विचारलं तेव्हा तो गडबडला. ते जाहिरातीत नव्हतंच. जिल्ह्याने नंतर वेगळा कागद काढून एकट्या संस्थेला दिलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचायला लावलं. तिथे मला जरा बरं वाटलं.

पण ते फार टिकलं नाही. पुढची साक्ष बेच्चेची होती. तिने माझ्या लादीबद्दल सांगितलं, पोटातल्या पाण्याबद्दल. चढवून नाही की चिडून नाही, बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. साहेबांनी मला विचारलं, "अशा लाद्या गिऱ्हाईक परत आणायचं का?"

मी म्हटलं, "परत आणून जाणार कुठे? मंगळवारी दुसरा बर्फ नव्हता ना."

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं. साहेबांनी ते उतरवून घ्यायला सांगितलं. वेनिंगने मान वर न करता लिहिलं. माप्पा, उन्हाळ्याचं मी तुला जे लिहिलं ते खोटं होतं. गाभा गोठायच्या आधीच मी साचे वर काढायला लावत होते. आपल्या वाराला रांग असायची आणि लाद्या कमी पडायच्या. घेणाऱ्याला घ्यावंच लागायचं. मला वाटायचं, आपण तिघं एकमेकांशी किती सरळ वागतो! रांगेत उभी असलेली बेच्चे त्या चटईवर कधी बसलीच नव्हती.

आता दुसरं. सुनावणी संपल्यावर वेनिंग बाहेर भेटली. मी तिला टाकून बोलले, "तुमचा तो माप्पा साहेब भेटला तर सांगा, बहिणीने सलाम सांगितलाय." ती गोंधळली. म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? तक्रार आली त्याच दिवशी त्यांनी वर लेखी कळवलं, की तक्रारदार माझी बहीण आहे, मला या कामातून काढा. नुसतं तेवढंच नाही लिहिलं. लिहिलं की हे संगनमत मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण माझं शिक्षण त्याच बर्फावर झालं." त्यानंतर तुला दुसऱ्या मजल्यावर कसल्याशा आकडेवारीच्या टेबलाला बसवलंय, हेही तिनेच सांगितलं. बढती बाजूलाच राहिली म्हणे.

मी तिथेच पायरीवर बसले. साद्दांगला वाटलं मला चक्कर आली. तो पंख्यासारखी शाल हलवत बसला.

फोन का केला नाहीस ते कळलं. तू फोन केला असतास आणि मी परिच्छेद काढला असता, तर मी मुस्तारीच्या जागी असते आणि तू त्या जिल्ह्याच्या. तोही एकीलाच गुपचूप दिलेला वेगळा कागद झाला असता. मला अजून राग आहे. पण आता तो तुझ्यावर नाही, आणि कुणावर काढायचा ते सुचत नाही.

तेन्री


लाबुआंग, २८ ऑक्टोबर

माप्पा,

निकाल तू वाचला असशीलच. दुसऱ्या मजल्यावर निदान तेवढे कागद तरी येत असतील. संस्थेचं मशीन संस्थेकडेच राहिलं, पण खर्चापेक्षा कमी भावाने विकायचं नाही. विजेची सवलत एक तर बर्फ बनवणाऱ्या सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. जिल्ह्याने सगळ्यांना दिली. मला पहिलं बिल आलं तेव्हा मी ते दोनदा उलटंपालटं करून बघितलं. आमचा दंड या खेपेला माफ. पण वार बंद, गुरुवार बंद, प्रत्येकाने आपला दर आपण ठरवून दारात फळ्यावर लिहायचा. पुन्हा सापडलो तर सुट्टी नाही.

तर बाबांचा बर्फखाना वाचला. जुनं लोखंड घरघरतंय, ऐकायला ये कधीतरी.

आता साचे पूर्ण वेळ ठेवते. लादी काचेसारखी निघते. जवळच्या बोटी संस्थेचाच बर्फ नेतात, त्यांना तो परवडतो, आणि नेऊ देत. पण आठ-आठ दिवस बाहेर राहणाऱ्यांना नळ्यांचा बर्फ पुरत नाही, वाटेतच विरघळतो. ते माझ्याकडे येतात. बेच्चेसुद्धा मोठ्या माशांसाठी माझी लादी नेते. पहिल्या दिवशी माझ्यासमोर फोडून बघितली तिने, पाणी निघतंय का! नाही निघालं. म्हणाली, "ताई, हे आधी येत नव्हतं का तुला?" येत होतं गं बाई, येत होतं.

आम्बो बेद्दूचं मात्र राहिलं. निकाल यायच्या आधीच त्याने मशीन भंगारवाल्याला दिलं. मी आणि साद्दांग समजवायला गेलो होतो, वेगवेगळे, हो, एकत्र जायची भीती वाटली. तो म्हणाला, "निकाल तुमच्या बाजूने लागेल, वीजही मिळेल. पण तोवर मी खाऊ काय?" सवलत त्याच्याही नावाने आली. मीटरच कापलाय, तर लावणार कशाला?

वाराचं सांगते. कायद्याने बुधवार आता सगळ्यांचा. पण पहिल्या बुधवारी मी दार उघडलंच नाही. तो आम्बो बेद्दूचा वार. मशीन गेलं म्हणून काय झालं? दुसऱ्या बुधवारी लांबच्या एका बोटीचा तांडेल येऊन दार बडवायला लागला. म्हणाला, "पुआंग, मालकीणबाई, भरती माझ्यासाठी थांबणार आहे का?" दिला बर्फ. त्या दिवशी मी आम्बो बेद्दूच्या गल्लीतून घरी गेले नाही, लांबच्या रस्त्याने गेले.

आणि काल, बुधवारीच, तो स्वतः माझ्या दारात आला. हातगाडी घेऊन. हल्ली मासळी बाजारात बायकांना बर्फ फोडून विकतो. कुणाचं ऐकून घ्यायला नको म्हणून संस्थेचा घेत नाही, एवढं मला माहीत होतं. मी घाईघाईने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. गाडीचा दांडा धरून उभा राहिला आणि म्हणाला,

"दर काय?"

माप्पा, तीस वर्षांत त्या माणसाने मला दर विचारला नव्हता. विचारायचं कारणच नव्हतं, जो त्याचा तोच माझा. फळा त्याच्या डोक्यावरच होता, हातभर अक्षरं. त्याला वाचता येतं.

मी म्हटलं, "तुम्ही न्या हो. तुमचं काय ते नंतर बघू."

"नंतर नको. माझ्यासाठी वेगळा दर नको. जो सगळ्यांना, तो सांग."

मी फळ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. पण सांगितला.

त्याने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. मग मान हलवली. "महाग आहे," म्हणाला. "साद्दांगकडे बघतो."

आणि गाडी वळवून निघाला. मी बघतच राहिले. दारापासून पाचसहा पावलं गेल्यावर त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की म्हातारा हसतोय. मग मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता असं रडू कोसळलं की विचारू नकोस. कामगार बाहेर येऊन बघायला लागले. मी म्हटलं, "काय बघताय? जा, साचे बघा!"

दर मी कमी केला नाही. एकदा वाटलं, फळा पुसावा आणि त्याच्या मागे धावावं. पण लादी चांगली आहे, माप्पा. ती तेवढ्याचीच आहे. पुढच्या बुधवारी तो परत येईल. नाही आला तर साद्दांगची लादी चांगली निघायला लागली असं समजेन, आणि मग मला काहीतरी करावं लागेल.

आता हे शेवटचं लिहिते, बाकी काही लिहीत बसत नाही. बाबांच्या चाळिसाव्याला तू लोखंड म्हणालास तेव्हा मी सगळ्या गावासमोर म्हटलं होतं, "तू पाहुणा आहेस. पाहुण्यासारखा जेव आणि जा." तू जेवलास आणि गेलास. ताट धुवायलासुद्धा मी तुला उठू दिलं नव्हतं.

शुक्रवारी बोटी जात नाहीत. मीही मशीन थांबवते, पाइप तपासायचे असतात. एकटीला जमत नाही, दिवा धरायला कुणीतरी लागतं. येतोस का? जेवण मिळेल. ताट मात्र तुझं तू धुवायचं.

तुझी ताई